तुटलेली फांदी : ख्रिस्ती माणूस स्वतःला पापी का म्हणतो?

सिल्वासातलं ‘अवर लेडी ऑफ पायटी’ चर्च पोर्तुगीजांनी 1897 मध्ये बांधलं. 1954 मध्ये पोर्तुगीज गेले, चर्च राहिलं. आजही ते गोवा आणि दमणच्या आर्चडायोसिसमध्ये मोडतं. 2011 च्या जनगणनेनुसार दादरा आणि नगर हवेलीत ख्रिस्ती लोकांचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. त्यामुळे इथल्या बहुतेक मराठी, गुजराती आणि वारली घरांना हा धर्म शेजाऱ्यापुरता माहीत असतो. नाताळचा केक, दारावरची चांदणी, रविवारी सकाळी चर्चकडे निघालेली इस्त्रीच्या कपड्यांतली कुटुंबं, एवढी ती ओळख.

पण रविवारी मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, सुरू होताना चर्चच्या दारात थांबलात तर कोड्यात पडाल. आठवडाभर कारखान्यात इमानानं राबलेला माणूस, घर सांभाळणारी आजी, कॉलेजात जाणारी मुलगी असे सगळे छातीवर हात मारून कबूल करतात की आम्ही पाप केलं आहे, काया-वाचा-मने केलं आहे, आणि करायला हवं होतं ते न करूनही केलं आहे. त्यांच्यात चोर-दरोडेखोर कुणी नसतो. दुसऱ्या एखाद्या रविवारी तिथेच काही आठवड्यांच्या बाळाचा बाप्तिस्मा होतो आणि या पाण्यानं पाप धुतलं गेलं असं सांगितलं जातं. ज्याला अजून मान धरता येत नाही, त्यानं कुठलं पाप केलं?

या कोड्याचं उत्तर सापडलं की ख्रिस्ती धर्माचा गाभाच हाती येतो. कारण येशू कशासाठी आला, क्रूसावर का मेला, चर्चमध्ये रोज काय चालतं, हे सगळं या एका प्रश्नाला बांधलेलं आहे.

पाप-पुण्याचा हिशेब जरा बाजूला ठेवू

आपल्या मनात पापाची कल्पना बहुधा हिशेबाची असते. वाईट कृत्य केलं की पाप साचतं, चांगलं केलं की पुण्य. दान, व्रत, तीर्थयात्रा यांनी पुण्य वाढतं आणि पापाचं पारडं हलकं होतं. या कल्पनेत पाप ही केलेली, मोजता येणारी गोष्ट असते. बाळानं काहीच केलेलं नसल्यामुळे त्याची पाटी कोरी.

ख्रिस्ती विचार वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतो. त्याच्या दृष्टीनं पाप ही आधी एक अवस्था आहे आणि नंतर कृत्य. ती अवस्था म्हणजे देवाशी असलेलं नातं तुटणं. खोटं, चोरी, हिंसा, लोभ ही त्या तुटण्याची फळं आहेत. म्हणून ख्रिस्ती माणूस ‘मी पापी आहे’ म्हणतो तेव्हा तो दर वेळी गुन्ह्याचा कबुलीजबाब देत नसतो. आपण मुळापासून तुटलेले आहोत, एवढंच सांगत असतो.

बागेत नेमकं काय घडलं?

हे तुटणं समजावण्यासाठी बायबल अगदी सुरुवातीलाच, उत्पत्ती या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, एक कथा सांगतं. देवानं आदाम आणि हव्वा यांना एदेन बागेत ठेवलं आहे. सगळी झाडं त्यांची आहेत, फक्त बऱ्या-वाईटाच्या ज्ञानाच्या झाडाचं फळ खायचं नाही. साप येतो आणि हव्वेच्या मनात संशय पेरतो की देव तुमच्यापासून काहीतरी राखून ठेवतो आहे, हे खाल्लंत तर तुम्हीही देवासारखे व्हाल. ती खाते, नवऱ्यालाही देते.

या कथेत सफरचंद कुठेही नाही. फळाचं नाव मूळ मजकुरात दिलेलंच नाही, सफरचंद पुढच्या काळातल्या चित्रकारांनी रूढ केलं. तेव्हा मुद्दा फळाचा नाही, विश्वासाचा आहे. देव आपलं भलं करील हा भरवसा आधी सुटला, हात फळाकडे नंतर गेला. बरं-वाईट ठरवण्याचा अधिकार माणसानं स्वतःकडे घेतला, तिथे नातं तुटलं.

पुढे जे घडतं ते माणसाच्या स्वभावाचं नेमकं चित्र आहे. दोघांना आपल्या उघडेपणाची लाज वाटते. देवाची चाहूल लागताच ते झाडांआड लपतात. विचारणा झाल्यावर आदाम बायकोकडे बोट दाखवतो आणि वर हेही सुनावतो की ती तूच मला दिलीस. बायको सापाकडे बोट दाखवते. मग जमीन काटे-कुसळं देऊ लागते आणि घाम गाळल्याशिवाय भाकरी मिळत नाही. पुढच्याच अध्यायात काइन हा थोरला मुलगा धाकट्या हाबेलाचा खून करतो.

म्हणजे एका जागी तुटलं आणि चार नाती बिघडली. माणूस देवापासून लपू लागला, स्वतःची लाज बाळगू लागला, दुसऱ्या माणसाचा वैरी झाला, जमिनीशी झगडू लागला. तरी लपलेल्या माणसांना शोधत देवच पुढे येतो आणि हाक मारतो. ख्रिस्ती धर्मात पापाची कथा सुरू होते त्याच पानावर देवानं माणसाला शोधण्याची कथाही सुरू होते.

ही कथा मराठीत यायला फार वाट पाहावी लागली नाही. मूळचे इंग्लंडचे जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं. जवळपास 11,000 ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या पुराणात जगाची उत्पत्ती आणि माणसाचं पतन येतं, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ही रचनाच सांगते की माणूस कसा तुटला हे कळल्याशिवाय ख्रिस्त का आला हे कळणार नाही, अशी स्टीफन्सची धारणा होती.

फांदी हिरवी दिसते, तरी मेलेली कशी?

एक शंका इथे हमखास येते. फळ खाल्लंत तर मराल असं देवानं बजावलं होतं, पण आदाम-हव्वा लगेच मेले नाहीत. आजही देवाला न मानणारी कितीतरी माणसं हसतखेळत, सज्जनपणे जगतात. मग तुटलं कुठे?

सिल्वासा ते वलसाड हा आंब्याचा मुलूख आहे, म्हणून उदाहरण आंब्याचंच घेऊ. झाडाची फांदी तोडून अंगणात ठेवली तर ती त्या दिवशी हिरवीगार दिसते. दुसऱ्या दिवशीही पानं ताजी असतात. मोहर असेल तर वासही येतो. पण मुळांकडून येणारा रस थांबलेला असतो. पुढची प्रत्येक गोष्ट, पानं लोंबणं, पिवळी पडणं, काडी वाळणं, ही त्या एका तुटण्याचा परिणाम असते. ख्रिस्ती विचारानुसार माणसाचं मरण असं आहे. ते तोडल्या क्षणी सुरू होतं, दिसतं मात्र सावकाश.

पिवळं पान म्हणजे एकेक कृत्य, आणि तोडलेली जागा म्हणजे मूळ पाप. पानं एकेक करून खुडली तरी फांदी जगत नाही. तिच्यात चांगलं काहीच उरलेलं नाही, असंही नाही. ती अजून आंब्याचीच फांदी आहे, पानांचा आकार तोच, वास तोच. तशी माणसात देवाची प्रतिमा पतनानंतरही शिल्लक आहे. ती किती शिल्लक आहे यावर मात्र ख्रिस्ती पंथांत वाद झाले. कॅथलिक म्हणतात, मानवी स्वभाव जखमी झाला आहे, पुरता सडलेला नाही. प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरनं 1525 च्या आपल्या ग्रंथात आणखी कडक भूमिका घेतली. माणसाची इच्छाशक्तीच पापाच्या कैदेत आहे आणि ती आपल्या बळावर देवाकडे वळू शकत नाही, असं त्यानं मांडलं.

बाळाचा काय दोष?

आता बाप्तिस्म्याच्या बाळाकडे येऊ. तोडलेल्या फांदीवर एक कोंब फुटू पाहतो आहे असं समजा. कुऱ्हाड चालवणाऱ्यात तो कोंब नव्हता, फांदी तुटली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. पण रस त्याच्यापर्यंतही पोचत नाही. त्याचा गुन्हा काही नाही, त्याला उणीव मात्र मिळाली आहे.

या उणिवेला मूळ पाप किंवा आद्यपाप म्हणतात. कॅथलिक शिकवणुकीनुसार ते बाळानं केलेलं पाप नसतं, त्याच्या वाट्याला आलेली अवस्था असते. देवाशी ज्या सहवासात माणसानं जन्माला यायला हवं होतं, तो सहवास जन्मतःच नसणं, एवढाच त्याचा अर्थ. बाप्तिस्मा हा फांदी पुन्हा झाडाला जोडण्याचा विधी आहे, म्हणून तो बाळालाही दिला जातो.

हा विचार वादावादीतून घडला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा संन्यासी शिकवू लागला की माणूस आदामाइतकाच निर्दोष जन्मतो आणि ठरवलं तर स्वतःच्या बळावर निष्पाप राहू शकतो. उत्तर आफ्रिकेतले बिशप संत ऑगस्टीन (354–430) यांनी त्याला कडाडून विरोध केला. चांगलं काय हे कळूनही माणूस वाईटाकडे का ओढला जातो, हा त्यांचा सवाल होता, आणि त्यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियसची शिकवण फेटाळली. पुढे 1546 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं मूळ पापाची कॅथलिक व्याख्या पक्की केली. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चं वारशानं मरण आणि दुबळेपण येतं असं मानतात, आदामाचा दोष येतो असं मानत नाहीत. आणि बाप्तिस्मा न होताच दगावलेल्या बाळांचं काय? त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रज्ञांच्या आयोगानं 2007 मध्ये मांडलं.

लहान पाप, मोठं पाप, सगळ्यांचं पाप

मूळ पाप वारशाचं असलं तरी माणूस रोज जी पापं करतो त्यांची जबाबदारी त्याचीच. कॅथलिक परंपरा त्यांचे दोन प्रकार करते. क्षुद्र पाप नातं दुखावतं, पण तोडत नाही. प्राणघातक पाप ते तोडतं. पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : बाब गंभीर हवी, ती वाईट आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि तरीही ती स्वखुशीनं केलेली हवी. दबावाखाली किंवा अजाणतेपणी केलेल्या कृत्याचा दोष त्या प्रमाणात कमी होतो. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या ही विभागणी मानत नाहीत. त्यांच्या मते लहान-मोठं प्रत्येक पाप त्याच तुटलेपणातून येतं.

न केलेल्या गोष्टीही पापात धरल्या जातात. येशूनं सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात रस्त्यावर जखमी पडलेल्या माणसाला बघून याजक आणि लेवी दुसऱ्या बाजूनं निघून जातात. त्याला मारलेलं असतं दरोडेखोरांनी, पण दाखल्याचा रोख या दोघांवर आहे.

तिसरा प्रकार व्यवस्थेतल्या पापाचा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1987 च्या आपल्या परिपत्रकात पापाच्या संरचनांची चर्चा केली. व्यक्तींनी केलेली पापं साचत जाऊन अशी रीत तयार होते की तिच्यात अन्याय आपोआप घडत राहतो. नगर हवेलीच्या शेजारचा इतिहास आठवला की हे लगेच कळतं. तलासरी भागातल्या झरी गावात मे 1945 मध्ये वारल्यांनी गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ नाकारायची शपथ घेतली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांकडे वेठबिगारी चालू होती. प्रत्येक जण म्हणत असणार, मी नवीन काही करत नाही, अशीच रीत आहे. कुणा एकानं न केलेलं आणि तरी अनेकांनी चालू ठेवलेलं, असं हे पाप.

चर्च स्वतः त्यातून सुटलेलं नाही. गोव्यात 1560 मध्ये सुरू झालेलं धर्मन्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, मध्ये काही वर्षांचा खंड सोडता 1812 पर्यंत चाललं. धर्माच्या नावानं माणसांचा छळ झाला. 12 मार्च 2000 रोजी त्याच पोपनी रोममध्ये, सत्याच्या सेवेच्या नावाखाली बळजबरी करण्यासह चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. सगळेच पापी, या शिकवणुकीतून धर्मगुरू आणि धर्मसत्ताही वगळलेल्या नाहीत, याची ती कबुली होती.

पुण्यानं भागत का नाही?

तोडलेल्या फांदीवर कितीही पाणी शिंपडलं तरी ती आठ दिवस जास्त टिकेल एवढंच, झाडाला चिकटणार नाही. सत्कर्मांबद्दल ख्रिस्ती विचार हेच म्हणतो. सत्कर्मं चांगलीच आहेत, करायलाच हवीत. पण तुटलेलं नातं त्यांच्या मोबदल्यात विकत मिळत नाही.

पंडिता रमाबाईंचं (1858–1922) आयुष्य या मुद्द्याचं मराठी उदाहरण आहे. त्यांचं लहानपण तीर्थयात्रांत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह देशभर फिरत, पुराणं सांगत, दानधर्म करत. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई-वडील दोघंही गेले. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण 1907 मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की धर्म स्वीकारूनही कित्येक वर्षं मनाला शांती नव्हती. आपण विद्वान, समाजसेवक आहोत तशाच क्षमेची गरज असलेल्या पापीही आहोत, हे नंतर उमगलं आणि मगच ओझं उतरलं. संस्कृत, हिब्रू, ग्रीक जाणणाऱ्या, शेकडो अनाथ मुली आणि विधवांना आसरा देणाऱ्या बाईंनी हे लिहावं, यातच ख्रिस्ती विचाराचा रोख दिसतो. इथे चांगुलपणाची किंमत कमी केलेली नाही. माणसाला आधी गरज आहे ती जोडलं जाण्याची.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. आपल्या संतांनीही स्वतःला पतित म्हणवून घेतलं आणि तारणं देवावर सोपवलं. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबांचं बोट त्यांनी सोडलं नाही. ख्रिस्तापर्यंत आपण तुकारामांमुळेच पोचलो, असं ते मानत.

मग जोडणी कशी होते?

कलम बांधणाऱ्याला विचारा. आंब्याचं कलम करताना नुसती कलमकाडी छाटून चालत नाही, खुंटालाही काप द्यावा लागतो. दोन्ही जखमा एकमेकींवर नीट बसवून पट्टी घट्ट बांधली की मगच खुंटाचा रस काडीत चढतो.

ख्रिस्ती श्रद्धेत क्रूस म्हणजे खुंटाला दिलेला हा काप. माणूस स्वतःहून जोडला जाऊ शकत नाही, म्हणून देवच येशूच्या रूपानं माणूस झाला आणि त्यानं स्वतःवर घाव घेतला. त्या मरणानं नेमकं काय साधलं, याची उत्तरं वेगवेगळी दिली गेली. सुरुवातीच्या शतकांत तो मरणावर आणि सैतानावर मिळवलेला विजय मानला जाई. अकराव्या शतकाच्या अखेरीस संत अँसेल्म यांनी, माणसाला न फिटणारं देवाचं देणं ख्रिस्तानं फेडलं, असं मांडलं. प्रॉटेस्टंट सुधारकांनी, आपल्या वाट्याची शिक्षा त्यानं भोगली, यावर भर दिला. एका गोष्टीवर मात्र सगळे सहमत आहेत : पुढाकार देवाचा आहे. त्यालाच कृपा म्हणतात. माणसाच्या वाट्याला येतो तो विश्वास आणि पश्चात्ताप.

सिल्वासाच्या चर्चला जिचं नाव आहे ती ‘लेडी ऑफ पायटी’, म्हणजे करुणामाता, ही क्रूसावरून उतरवलेल्या मुलाचा देह मांडीवर घेतलेली येशूची आई मरिया. मायकेलअँजेलोनं घडवलेलं तिचं शिल्प रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात आहे. या नातेजोडणीची किंमत काय पडली, हे ख्रिस्ती कलेनं त्या आईच्या मांडीवर दाखवलं.

पश्चात्तापाची रीत पंथागणिक बदलते. कॅथलिक माणूस धर्मगुरूजवळ पापनिवेदन करतो. वर्षातून निदान एकदा ते करावं, असा नियम 1215 च्या लॅटरन परिषदेनं घातला. आधी आत्मपरीक्षण, मग खेद, मग स्पष्ट कबुली, शेवटी प्रायश्चित्त, असा त्याचा क्रम. ऐकलेलं पाप धर्मगुरू कुणालाही, अगदी कोर्टालाही, सांगू शकत नाही. प्रॉटेस्टंटांची रीत वेगळी. ब्रदरन या प्रॉटेस्टंट मिशनचे प्रचारक 1890 च्या दशकात वलसाडला आले. त्यांच्यासारख्या मंडळ्यांत कबुली थेट देवापाशी दिली जाते, मध्यस्थ लागत नाही.

पण दोन्हीकडे नुसतं ‘चुकलं’ म्हणून सुटका नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदार येशू घरी आल्यावर अर्धी संपत्ती गरिबांना देतो आणि ज्याला नाडलं त्याला चौपट परत करतो. आधी येशू त्याच्या दारी आला, मग पैसे परत गेले. या क्रमात ख्रिस्ती विचार मावतो. नातं जुळलं म्हणून वागणं बदलतं. वागणं बदलून नातं मिळवायचं नसतं.

थोडक्यात

- पाप म्हणजे आधी देवाशी तुटलेलं नातं, आणि मग त्यातून होणारी वाईट कृत्यं.
- मूळ पाप हा बाळाचा गुन्हा नाही. ती जन्मासोबत आलेली उणीव आहे.
- तुटल्यावर चार नाती बिघडतात : देवाशी, स्वतःशी, माणसांशी, निसर्गाशी.
- न केलेलं कर्तव्य आणि अन्यायी रीत चालू ठेवणं, हेही पापच.
- सत्कर्मं हवीतच, पण नातं जुळतं ते कृपेनं. माणसानं विश्वास आणि पश्चात्तापानं तिला होकार द्यायचा.

तुमचा ख्रिस्ती शेजारी स्वतःला पापी म्हणाला तर त्यानं काय केलं असेल याचा शोध घेत बसू नका, आणि तो तुमच्यावर बोट रोखतो आहे असंही समजू नका. ती ओळ तो आधी स्वतःसाठी म्हणतो. आणखी जाणून घ्यायचं असेल तर बायबलमधले दोनच अध्याय वाचा : उत्पत्तीचा तिसरा आणि लूकचा पंधरावा. पहिल्यात माणूस देवापासून लपतो, दुसऱ्यात घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याच्याकडे धावत जातो. दोन्ही मिळून अर्धा तासही लागत नाही.